मामावरचे निर्बंध

बाबा, मी तुमच्यावर भयंकर चिडले आहे. भांडायला माणूस समोर लागतं आणि तुम्ही नाही, ही त्यावर आणखी एक चीड. तुम्हाला जाऊन एक तप उलटून गेलं. मधल्या काळात तुमची आठवण कितीतरी वेळा आली, कधी डोळे भरून आले, कधी तुमचे विनोद लेकीला सांगताना मीच हसत सुटले. पण असा राग नव्हता आला. गेले काही दिवस ऑफिसात स्क्रीनसमोर बसून मी मनातल्या मनात तुमच्याशी वाद घालते आहे, आणि शेजारच्या टेबलावरचा केरळचा सहकारी विचारतो, "मॅडम, सब ठीक है ना?" ठीक काय डोंबल! आज सुट्टी आहे, आई आणि लेक खाली बागेत गेल्या आहेत, नवरा किराणा आणायला गेला आहे, तेव्हा एकदाचं लिहूनच काढते.

तुम्ही होतात तेव्हा मी सांगलीच्या बँकेत होते. आता नवऱ्याच्या नोकरीमागून दुबईत आले आहे, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहते, आणि मालाची ने-आण करणाऱ्या एका कंपनीत कम्प्लायन्सचं काम बघते. म्हणजे काय, तर अमेरिकेनं ज्यांच्यावर निर्बंध घातले आहेत, अशा कुणाशीही आमच्या कंपनीचा पैशाचा किंवा मालाचा संबंध येऊ द्यायचा नाही. जहाज कुणाचं, त्या मालकाचा मालक कोण, माल खरा कुठून निघाला, वाटेत कुठल्या बंदरात त्याचे कागद बदलले, हे हुडकायचं आणि शंका आली की व्यवहार थांबवायचा. तुम्ही जन्मभर ज्या महासत्तेच्या नावानं बोटं मोडलीत, तिचं धोरण या समुद्रावर राबवायला तुमचीच मुलगी रोज सकाळी डबा घेऊन मेट्रोनं जाते. तुम्ही हे ऐकलं असतंत तर भरल्या ताटावरून उठला असतात. ताटावरून उठणं हा तुमचा आवडता निषेध होता.

ते ताट मला फार आठवतं. कॉलेजात तुम्ही राज्यशास्त्र शिकवायचात, आणि तास संपला तरी तुमचं शिकवणं संपत नसे. जेवायला बसलो की ताटाचा नकाशा व्हायचा. डावीकडची चटणी म्हणजे इराण, उजवीकडची भाजी म्हणजे अरबस्तान, मधलं वरण म्हणजे आखात, आणि कडेला वाढलेलं चिमूटभर मीठ म्हणजे होर्मुझची चिंचोळी वाट. तुम्ही बोट मिठावर ठेवून सांगताय, "जगाचं तेल इथून जातं. म्हणून महासत्तेची नजर इथे. लक्षात ठेव, महासत्ता उगाच काही करत नाही. तिच्या प्रत्येक हालचालीमागे थंड डोक्यानं केलेला विचार असतो." आणि आई भाताचं पातेलं घेऊन उभी आहे, म्हणते आहे, "आधी ते आखात संपवा, निवतंय." मी हसते आहे, पण तुमचं बोलणं मी मनापासून खरं मानते आहे. इतकं खरं, की पुढे मी राज्यशास्त्र न घेता कॉमर्सला जायचं ठरवलं तेव्हा तुम्हाला सांगायचं मी आठवडाभर पुढे ढकलत होते. तुम्ही चष्मा काढलात, धोतराच्या सोग्यानं तो पुसलात आणि म्हणालात, "माझं काही म्हणणं नाही." आपल्या घरात ही परवानगीची सगळ्यात वरची पायरी होती. "चुकलं" किंवा "बरोबर आहे तुझं" असले शब्द तुमच्याकडे नव्हतेच. आईनं त्या संध्याकाळी पेढे आणले.

बाबा, तुम्ही शिकवलंत त्यातलं अर्धं खरं निघालं. तेल आहे, लष्करी तळ आहेत, शस्त्रांची गिऱ्हाइकं आहेत, सगळं आहे. पण उरलेलं अर्धं तुम्ही कधी सांगितलंच नाहीत. इथे बसून मला दिसतं ते असं. अमेरिकेत एक सरकार येतं, इराणशी करार करतं. पुढचं येतं, तो करार फाडतं. त्यापुढचं म्हणतं, बघू, बोलू. आणि बोलणं लांबत जातं. त्यांच्या घरी पेट्रोल महागलं की तेलाच्या जहाजांकडे डोळेझाक होते, स्वस्त झालं की पुन्हा डोळे वटारले जातात. आज अमुक देशाला सूट, उद्या ती रद्द. अन्न आणि औषधांना बंदी नाही, असं स्वच्छ लिहिलेलं असतं, पण ते वाचून व्यवहार करण्याची छाती फारच थोड्या बँकांना होते. कारण न जाणो, वरचं कुणी नाराज झालं तर? दर वेळी नवं पत्रक आलं की आमचे साहेब मीटिंग घेतात आणि मला विचारतात, "सो, व्हॉट डू दे ॲक्चुअली वॉन्ट?" मी काय सांगू? त्यांनाच ठाऊक नसतं. निर्बंध घालताना माणूस खंबीर दिसतो, टाळ्या पडतात. उठवताना तो नमलेला दिसतो. म्हणून मूळ कारण निम्म्या लोकांच्या विस्मरणात गेलं तरी निर्बंध तसेच राहतात. यात थंड डोकं कुठे आहे, ते मला अजून सापडलेलं नाही.

हे सगळं मी दुबईत येऊन शिकले, असं मला वाटत होतं. खरं तर मला ते घरातच कळायला हवं होतं.

अमेरिकेनं इराकवर दुसऱ्यांदा चाल केली ते दिवस. तुम्ही विद्यार्थ्यांना घेऊन गावातून निषेध मोर्चा काढला होतात, उन्हानं चेहरा लाल झाला होता, घसा बसला होता. आणि नेमका त्याच संध्याकाळी आईचा धाकटा भाऊ, माझा एकुलता एक मामा, दुबईच्या देरा भागातून सुट्टीवर येतो. दोन्ही हातांत बॅगा, अंगाला अत्तर, माझ्यासाठी चॉकलेटं, तुमच्यासाठी पेन. तेव्हाही तो देरातल्या एका सुक्या मेव्याच्या पेढीवर होता. समोरच्या इराणी किनाऱ्यावरून लाकडी गलबतांनी पिस्ते, मनुका, केशर यायचं आणि ते पुढे विकायचं, हा पेढीचा धंदा. जेवताना तुम्हाला बरं वाटावं म्हणून तो बिचारा तुमच्या विषयात शिरला. "भावोजी, सध्या आमच्याकडे तेजी हाय बघा. अमेरिकन नेव्हीची जहाजं लागतात बंदराला. त्यांना पाणी, बिस्किटं, मनुका पुरवायची ऑर्डर शेठला मिळाली. युद्ध झालं की माल उचलला जातो." तुमचा हात भातात थांबला. तुम्ही उठलात. हात न धुताच म्हणालात, "याचं-आपलं येणं-जाणं आजपासून बंद. यानं या घरात यायचं नाही आणि आपल्यातल्या कुणी याच्या घरी जायचं नाही." मामा हसला, कारण त्याला वाटलं तुम्ही गंमत करताय. आई हातात पळी घेऊन तशीच उभी होती. पाणी, बिस्किटं आणि मनुका, बाबा. तोफा नव्हत्या.

कदाचित चार दिवसांनी तुमचा राग उतरलाही असता. पण तुम्ही ते स्टाफरूममध्ये सांगितलंत. "सरांनी सख्ख्या मेव्हण्याला घराबाहेर काढलं, तत्त्व म्हणजे तत्त्व," असं मला माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी ऐकवलं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा अभिमान वाटला. एकदा एवढी वाहवा झाल्यावर मागे फिरणार कसं? मग ते तसंच राहिलं. मामा रत्नागिरीला सुट्टीवर आला की आईला माहेर बंद. तो परत गेला की हिनं चार दिवस जाऊन यायचं. तुम्ही गेलात तेव्हा तो दुबईहून धावत सांगलीला आला आणि गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीपाशी उभा राहिला. मी बाहेर येऊन म्हटलं, "मामा, आत चल." तो म्हणाला, "नको गो. त्यांनी नको म्हटलंय. आजच्या दिवशी कसा मोडू?" मी आत जाऊन आईला सांगितलं. ती तुमच्या उशाशी बसली होती, तुमची चादर सारखी करत राहिली. थोड्या वेळानं मी पुन्हा बाहेर गेले तर गिरणीपाशी कुणी नव्हतं.

दुबईत आल्यावर मी मात्र मामाला भेटत राहिले. तुमची बंदी मला लागू नाही, असं मीच ठरवून टाकलं. तो खजूर द्यायचा, आईची चौकशी करायचा, आणि तुमच्याबद्दल कधीही वाकडा शब्द काढायचा नाही, ज्यामुळे मला आणखीच कानकोंडं व्हायचं. मध्यंतरी त्याचा फोन आला. "ऑफिस खलास. बँकेनं शेठचं अकाउंट बंद केलं. म्हणे समोरच्या किनाऱ्याचा माल नको. पिस्त्यात कसला बॉम्ब असतो गो? मॅनेजर म्हणतो, मेरे हाथ में कुछ नहीं, ऊपर से डर है." त्याची बँक आमची नव्हती, तो व्यवहार माझ्या टेबलावर आला नव्हता, तरी मी त्या मॅनेजरला नावं ठेवू शकले नाही, कारण तो 'ऊपर का डर' मला चांगला ठाऊक आहे. पेढी बंद म्हणजे व्हिसा संपला. मामी तर मागेच वारली. आता तो मुलाकडे मेलबर्नला निघाला होता, कायमचा. साखरेचा त्रास, हृदयात स्टेंट, सत्तरी ओलांडलेली. पुन्हा इकडे येणं होईलसं त्यालाही वाटत नव्हतं.

आणि नेमकी त्याच वेळी आई माझ्याकडे आलेली. वीस-बावीस वर्षांत ज्या बहीण-भावांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, ती दोघं एका शहराच्या दोन टोकांना, मध्ये फक्त मेट्रो. मला वाटलं, आता काय, तिला सांगायचं आणि घेऊन जायचं. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, जपून राहा." आणि श्रीखंडाचा चक्का पुरणयंत्रातून फिरवायला लागली.

त्या श्रीखंडानं मला पहिला धक्का दिला. मी सुपरमार्केटातून केशराची डबी आणली होती. आईनं ती उघडली, वास घेतला, नाक मुरडलं. "हे आपलं नव्हे."

"आपलं म्हणजे?"

"मस्कतचं गं. शेजारच्या काकूंचा मुलगा आणायचा ते. पळीभर दुधात दोन काड्या टाकल्या तरी रंग सुटायचा."

हे केशर मला माहीत होतं. दर दिवाळीला तुम्ही वाटी उजेडाकडे धरून म्हणायचात, "केशर म्हणजे हे!" पण बाबा, माल खरा कुठून निघाला हे विचारायची मला आता सवय लागली आहे. मी म्हटलं, "आई, ओमानमध्ये केशर कुठे पिकतं?"

आईचे हात थांबले. मग तिनं अगदी शांतपणे चक्का झाकून ठेवला. "त्याचं होतं ते. तो मस्कतला काकूंच्या मुलाकडे पोचवायचा, तो सुट्टीत घेऊन यायचा, काकू वाटीतून आणून द्यायच्या. बदाम पण त्याचेच. तू बाळंत झालीस तेव्हाचे डिंकाचे लाडू कशाचे होते असं तुला वाटतं?"

मी डोक्याला हात लावला. दुसऱ्या बंदरात नेऊन नाव बदललेला माल पकडायचा मला पगार मिळतो, आणि आमच्याच स्वयंपाकघरात तो वर्षानुवर्षं येत होता. "मग बाबांची बंदी?"

"बंदी माणसावर होती," आई म्हणाली. "केशरावर नव्हती. ते म्हणाले, यायचं नाही, जायचं नाही. तो आला नाही, मी गेले नाही."

"मग आता चल ना भेटायला! बाबा जाऊन किती वर्षं झाली."

"म्हणूनच तर. त्यांनी असताना उठवलं असतं तर गोष्ट वेगळी. आता कोण उठवणार?"

माझी चौदा वर्षांची लेक फ्रिजपाशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "वेट, आजी, ही इज बॅन्ड? लाइक, ॲक्चुअली बॅन्ड? धिस इज सो सिली, ही इज युअर ब्रदर!" आजी म्हणाली, "मराठीत बोल." आणि विषय संपला.

मग जे सुरू झालं त्याला वाटाघाटी म्हणतात. मी मामाला फोन केला, म्हटलं, तूच ये आमच्याकडे. तो म्हणाला, "बोलावल्याशिवाय मी यायचा नाय." मी आईला म्हटलं, त्याला बोलाव. ती म्हणाली, "मी कशी बोलावू?" मग म्हटलं, तिला देरात आणते. मामा घाईघाईनं म्हणाला, "नको, नको. चौघांत एक खोली हाय, माळ्यावर लोकांच्या बॅगा. ताईनं ते बघायचं नाय." इकडे आई मला रोज विचारणार, त्याचं जेवणाचं काय, सामान बांधून झालं का, तिकडे थंडीचे कपडे घेतले का, तिकडून मामा विचारणार, ताई जिना चढते का, झोप लागते का. दोघं एकमेकांशी बोलायला तयार नाहीत आणि मी मध्ये निरोप वाहते आहे. ऑफिसात आम्ही वाचतो ना, दोन शत्रू देश समोरासमोर बसत नाहीत, तिसऱ्याच कुठल्या देशाचा मंत्री एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ये-जा करतो. तो मंत्री मी झाले होते, आणि दोन्ही खोल्यांतल्या माणसांचं एकमेकांवर जिवापाड प्रेम होतं. मामाच्या तिकिटाची तारीख जवळ येत होती. मला त्या दोघांचा वैताग आला, आणि त्याहून जास्त तुमचा. एक वाक्य बोलून तुम्ही निघून गेलात. ते मागे घ्यायचा अधिकार कुणाकडे ठेवलाच नाहीत.

शेवटी मी आईला एक गोष्ट सांगितली. काय सांगितलं ते अखेरीस लिहिते, आधी राग पुरा होऊ दे. ती मेथी निवडत होती. ऐकून बराच वेळ काड्याच गोळा करत राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे. पण घरी नको. तो इथे नको, मी तिथे नको. एकदम सगळं नको." मला हसू आवरेना. टप्प्याटप्प्यानं सूट द्यायची पद्धत हिला कुणी शिकवली? मॉलमध्ये भेटा म्हटलं तर म्हणाली, "तिथे काय बोलायचं, बूट घेत?" जागा अखेर मामानं सुचवली. "आबऱ्यात बसू. पाणी कुणाचं घर नाय."

आबरा म्हणजे इथली खाडी ओलांडणारी लाकडी होडी. देराच्या काठावरून बसायचं, पलीकडे बर दुबई नावाच्या भागात उतरायचं, एका दिरहमचा प्रवास. "म्हणजे चोवीस-पंचवीस रुपये," आईनं लगेच हिशेब केला. मेट्रोत सबंध वाटभर ती श्रीखंडाचा डबा मांडीवर धरून बसली होती. धक्क्यावर मामा उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हातात पिशवी. बाबा, तो किती लहान झालाय, तुम्ही ओळखला नसतात. दोघांनी एकमेकांकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. होडी हलत होती, आईचा गुडघा वाकत नव्हता, होडीवाला ओरडत होता, "यल्ला, यल्ला, अम्मा, बैठो जल्दी!" मामानं आधी आत उतरून हात पुढे केला. आईनं तो धरला, आणि बसल्यावरही सोडला नाही.

होडीत मधल्या लांब बाकावर लोक पाठीला पाठ लावून बसतात. ती दोघं एका बाजूला, मी आणि लेक दुसऱ्या बाजूला. त्यामुळे मला दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. मला वाटलं आता रडारड होईल. आई म्हणाली, "शुगर किती आहे?" मामा म्हणाला, "हाय कंट्रोलमधे. तुझा गुडघा?" "आहे." मग होडीच्या इंजिनाचा आवाज. मग डब्याचं झाकण उघडल्याचा. "एकच चमचा हां," आई म्हणाली, "शुगर आहे तुला."

मामानं चमचा तोंडात घातला असणार. थोडं थांबून म्हणाला, "चव झकास. पण ताई, केशर कुठलं हे? रंगच नाय." आणि एकाएकी तो मोठ्यांदा हसायला लागला. "भावोजी असते तर मला फोन आला असता."

"कसला फोन?" आईचा आवाज.

"अगो, आला होता ना एकदा. ते रिटायर झाले त्या दिवाळीला. मी पेढीवर होतो. पलीकडून आवाज, 'मी बोलतोय.' मी उभाच राहिलो खुर्चीतून. म्हणतात, 'यंदाचं केशर जुनं आहे. रंग सोडत नाही. बघून पाठवत जा.' आणि ठेवला फोन. मला वाटलं तुझ्यासमोरूनच केला असेल."

होडी पलीकडच्या काठाला लागली. माणसं उतरली, नवी चढायला लागली. आमच्यातलं कुणी हललं नाही. होडीवाला म्हणाला, "अम्मा, खलास, उतरो." मामानं त्याच्या हातावर पैसे ठेवले, "फिर से, हबीबी. वापस चलो." मी वळून पाहिलं. आई समोर पाण्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा रागानं लालबुंद झाला होता. तुमच्यावर रागावलेली आई मी जन्मात पाहिली नव्हती, बाबा.

"दर दिवाळीला जीव मुठीत धरून वाढत होते मी," ती म्हणाली. "वाटी पुढे ठेवली की छातीत धडधडायचं, ओळखतील का, विचारतील का. काकूंना किती वेळा पढवलं मी, काय बोलायचं, काय नाही. आणि ह्यांना ठाऊक होतं? ठाऊक होतं तर मला का नाही सांगितलं ह्या माणसानं?"

मामा म्हणाला, "जाऊ दे ताई. ते मोठे होते."

"काय मोठे? केशराला फोन करता आला, तुला ये म्हणता नाही आलं?"

आता कळलं मी का चिडले आहे? तत्त्वासाठी तुम्ही हे केलंत, अशी समजूत होती तोवर मी तुमच्या बाजूला थोडी तरी उभी राहू शकत होते. तुम्ही चुकलात पण तत्त्वानं चुकलात, असं लेकीला सांगता येत होतं. पण तुमचा राग तर केव्हाच विरघळला होता. तुम्ही त्याच्या केशराचं श्रीखंड खात होतात, त्याला गुपचूप फोन करत होतात, आणि फक्त वरची पाटी तशीच ठेवली होती, कारण ती उतरवताना कुणी बघेल म्हणून. ज्या महासत्तेला तुम्ही ताटात मांडून आम्हाला तिचे डाव दाखवायचात, ती याहून वेगळं काय करते, सांगा ना. आणि तिच्या निर्बंधांत निदान परकी माणसं भरडली जातात. तुमच्या निर्बंधांत तुमची बायको होती. तिला एकच भाऊ होता.

देराच्या काठाजवळ आलो तेव्हा आई माझ्याकडे वळली. डोळे ओले होते पण आवाज करडा. "आणि तुला म्हणाले होते ते? ते तरी खरं ना?"

लेक माझ्याकडे बघत होती. मामाही बघत होता. मी म्हटलं, "हो."

आईनं हळूहळू मान हलवली. चेहरा निवळत गेला. "मग ठीक," ती म्हणाली. "शेवटी तरी म्हणाले." आणि डब्यातला आणखी एक चमचा मामाच्या हातात दिला, शुगर असून. मग आम्ही त्या होडीतून कितीदा अलीकडे-पलीकडे केलं ते आठवत नाही. होडीवाल्यानं शेवटी पैसे घ्यायचेही सोडले. दोघं रत्नागिरीच्या विहिरीबद्दल, आजोबांच्या तपकिरीबद्दल, कुणाकुणाच्या लग्नांतल्या फजितीबद्दल बोलत होती, आणि हसत होती.

मामा परवा गेला. काल मेलबर्नहून त्याचा व्हिडिओ कॉल आला, आईनं त्याला तिथला स्वेटर दाखवायला लावला. तेव्हापासून ती फोनवर मावशीला, काकूंना, सगळ्यांना एकच सांगते आहे, "ह्यांनी जाताना मुलीजवळ सांगून ठेवलं होतं. मन मोठं होतं त्यांचं." म्हणजे तुमची पुन्हा वाहवाच. दुसरं काय होणार! हे कागद ती खालून वर यायच्या आत फाडून टाकणार आहे, कारण ते तिच्या हाती लागले तर सगळंच मुसळ केरात जाईल.

हॉस्पिटलात तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात. त्या शेवटच्या दिवसांत तुम्ही पाणी मागितलंत, पंखा कमी करायला लावलात आणि पेपर वाचून दाखव म्हणालात. मामाचं नाव घेतलं नाहीत. मी वाट बघितली होती. मेथी निवडणाऱ्या आईला मी सांगितलं, "बाबा म्हणाले होते, तिला भावाला भेटू दे. माझं काही म्हणणं नाही." तुमच्याच आवाजात सांगितलं, चष्मा पुसत. बोलायला दोन श्वाससुद्धा लागले नाहीत, बाबा.